बुधवारचे दोन तास

इलाला डबे पोचवायचं काम सुमेधाने अंगावर घेतलं त्यात तिचा फायदा तीन परींचा होता. पहिला पुण्याचा. दुसरा असा, की डिसेंबरात अमेरिकेतल्या अल्फारेटाच्या मराठी मंडळाची निवडणूक होती, आणि सैनिकाच्या बाळंतिणीला जेवू घालणाऱ्या बाईविरुद्ध उभं राहायची कुणाची छाती झाली नसती. तिसरा तिने स्वतःशीसुद्धा कबूल केला नसता. या देशात पंचवीस वर्षं काढूनही दुकानाच्या रांगेत कुणी ना कुणी विचारायचंच, तुम्ही मूळच्या कुठल्या? आता ती म्हणे, "आमच्यातला एक मुलगा आर्मीत आहे." समोरचा गोरा माणूस छातीवर हात ठेवी, आभार मानी, आणि इलाच्या नवऱ्याच्या, संग्रामच्या वाट्याचा तो मान सुमेधा आपल्या पिशवीत टाकून घरी आणी.

संग्राम इथलाच जन्मलेला. कॉलेज अर्धवट टाकून तो फौजेत गेला तेव्हा याच मंडळात त्याचं नाव निघालं की लोक आवाज खाली आणत, जणू पोरगा तुरुंगात गेलाय. पुढे त्याचे आईवडील नागपूरला परतले. वडिलांचं डायलिसिस सुरू झालं आणि त्यांचं येणंजाणं थांबलं. इलाची आई दोन वर्षांपूर्वीच गेली होती. जूनमध्ये संग्रामची नऊ महिन्यांसाठी परदेशी रवानगी झाली, जुलैत प्रीता जन्मली, आणि कालपर्यंत वाया गेलेला पोरगा मंडळाच्या ग्रुपवर एका रात्रीत 'आपला जवान' झाला.

सुमेधाने एकवीस घरांची पाळी लावली. तिचा स्वयंपाक चांगला होता आणि मनही वाईट नव्हतं. आळिवाचे लाडू तिने स्वतः तुपात हात बुडवून वळले. नियम दोनच. बाळ झोपलेलं असतं म्हणून बेल वाजवायची नाही, डबा दाराशी ठेवायचा. आणि ठेवलेल्या डब्याचा फोटो ग्रुपवर टाकायचा. फोटोखाली जोडलेल्या हातांची रांग लागे, दोन्ही देशांचे झेंडे फडकत.

घोडं अडलं ते परतीच्या डब्यांवर. ते दाराबाहेर पिशवीत मिळत, लख्ख धुतलेले, पुसलेले आणि रिकामे. मराठी घरातून डबा रिकामा परत जात नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर घालतात.

"साखरसुद्धा नसेल का गं घरात?" मंडळाच्या बैठकीत रेणूने विषय काढला.

"अगं, ती ओहायोत वाढलेली. तिला काय ठाऊक असणार," राधिका म्हणाली. राधिका ग्रुपमधली सगळ्यात मोठी, नुकतीच रिटायर झालेली.

"मग थँक यू तरी यायला हवं ना? ते तर इथलंच आहे."

सगळ्या हसल्या. सुमेधा हसली नाही. रिकामा डबा आपल्याच तोंडावर फेकल्यासारखा तिला वाटायला लागला होता.

अशात सोमवारी इलाचा मेसेज आला, फक्त सुमेधाला. 'काकू, पुढच्या वीकपासून डबे नकोत, फ्रिज फुल आहे. त्याऐवजी दर बुधवारी दोन ते चार कुणी प्रीताजवळ बसेल का? अपॉइंटमेंट आहे, तिला नेता येत नाही. ग्रुपवर विचाराल का प्लीज?'

सुमेधाने तो तीनदा वाचला. 'त्याऐवजी' हा शब्द तिला झोंबला. जेवायला वाढावं तर पाहुणीने ताट सरकवून दुसरं मागवावं, तसं. आणि बुधवारी दुपारी दोन ते चार पार्लरवाल्या डिस्काउंट देतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने फोन लावला.

"करू हं काहीतरी. पण शनिवारी गणपतीत तुझा सत्कार ठेवलाय. शाल-श्रीफळ. तू फक्त स्टेजवर यायचं, दोन शब्द बोलायचे. लोकांनाही बरं वाटतं."

"काकू, मी केस धुतले त्याला नऊ दिवस झाले. स्टेजवर कशी येऊ?"

"अगं, सगळ्यांनाच बाळं होतात."

मग इला म्हणाली, "संग्राम तिकडे आहे. तुम्ही सगळे म्हणता ना, आमच्यासाठी आहे म्हणून? मी फक्त दोन तास मागतेय."

सुमेधाला हे फार लागलं. एवढं करून वर हक्क सांगते, असं तिच्या मनात आलं. तोंडाने ती गोड बोलली, "शनिवारी ये, बुधवारचं मी बघते."

शनिवारी तीनशे माणसांसमोर सजवलेली खुर्ची रिकामी राहिली. माइकवर तीनदा नाव पुकारलं. शेवटी नारळ उचलून सुमेधा विंगेत गेली आणि तिथे उभ्या उभ्या तिने ठरवलं, की पोरीला आधी रीत शिकू दे. इलाचा मेसेज तिने ग्रुपवर टाकलाच नाही. पहिला बुधवार गेला. दुसऱ्याच्या आदल्या दिवशी इलाचा पुन्हा मेसेज आला, नुसतंच 'काकू?' सुमेधाने उत्तरादाखल जोडलेले हात पाठवले. डबे मात्र चालूच होते, फोटोंसकट.

तिसऱ्या बुधवारी अडीच वाजता इलाने स्वतःच इमर्जन्सीचा नंबर फिरवला. पोलीस आले तेव्हा ती बाळाला पाळण्यात ठेवून बाहेर पायरीवर बसली होती, त्या दिवशीच्या डब्याशेजारी. तिने एवढंच सांगितलं, "मला आत पाठवू नका. माझा माझ्यावर भरवसा नाही." तिची ती अपॉइंटमेंट याच दुखण्याच्या, बाळंतपणानंतरच्या नैराश्याच्या डॉक्टरांकडे होती. तिला हॉस्पिटलात नेलं. घरात दुसरं कुणी नाही म्हणून प्रीताला काउंटीच्या बालकल्याण खात्याने दूरच्या गावी एका अनोळखी कुटुंबाकडे ठेवलं. संग्रामला रजा मिळून यायला चार दिवस लागले, आणि काउंटीच्या कागदांना पुढे पंधरा.

पोर हातात आल्यावर तो सुमेधाकडे आला, आभार मानायला. राधिका तिथेच बसली होती. बाळ त्याच्या खांद्यावर होतं आणि सारखं मान वळवून दाराकडे बघत होतं.

"काकू, तुम्ही लोकांनी खूप केलंत. विसरणार नाही."

सुमेधाने तोंड उघडलं. सांगायचं होतं ते जिभेवर आलंही. "चहा घेतोस?" ती म्हणाली.

"नको, इलाला भेटायचंय. ती म्हणत होती, बुधवारचं तिने ग्रुपवर विचारायला सांगितलं होतं. बिझी असतील सगळे. इट्स ओके, काकू. तुम्हाला तरी किती सांगणार."

"ग्रुपवर?" राधिकाने मान वर केली. "कधी?"

संग्रामने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. त्याला काय कळलं, काय नाही, ते चेहऱ्यावर आलं नाही. फौजेत ते शिकवतात. वाकून नमस्कार करून तो गेला.

गाडीचा आवाज लांब गेला तशी राधिका उठून उभी राहिली.

"इलाचं घर माझ्या घरून चालत सात मिनिटं," ती म्हणाली. "माझी नातवंडं तिकडे लांब सनीव्हेलला. मी रोज बसले असते गं."

"मी तिला स्टेजवर बोलावलं होतं," सुमेधा म्हणाली. "आली नाही."

राधिकाने पर्स उचलली. ती कुणाला काही बोलली नाही, पण त्या घरी पुन्हा आली नाही.

डिसेंबरात सुमेधा बिनविरोध अध्यक्ष झाली. अहवालात तिने लिहिलं, सैनिक कुटुंबाला एकशे दोन डबे. ते खरंच होतं. अहवालाबाहेर राहिलं ते असं: इलाचे हॉस्पिटलातले सव्वीस दिवस, संग्रामची बढती, जी मोहीम अर्धी टाकून आल्यामुळे दुसऱ्याला गेली, आणि प्रीताचे परक्या घरातले एकोणीस दिवस. जन्मापासून जिला बापाने पाहिलं नव्हतं, तिला त्याने पहिल्यांदा उचलून घेतलं ते त्या अनोळखी बाईच्या कडेवरून, आणि ती त्या बाईसाठी रडली.