मैनाबाईच्या नावाचा बाक

काळीखेडच्या खुशालराव काळमेघांना राग आला नाही असा दिवस कॅलेंडरात शोधूनही सापडला नसता. बिस्किटाच्या पुड्यात आधी बारा बिस्किटं यायची, आता नऊ येतात आणि पुडा मात्र तेवढाच फुगलेला. "वारा विकून राहिले हे!" मोबाइलचं रिचार्ज महिन्याचं म्हणून मारायचं आणि ते अठ्ठाविसाव्या दिवशीच संपायचं. "कोनत्या पंचांगात असते असा महिना?" मेडिकलवाला गोळ्यांचं पाकीट कापून द्यायचा ते नेमकं तारखेवरूनच. रस्त्यावरचे नवे दिवे भरदुपारी ढणाढणा जळायचे.

खुशालराव सांगत आणि नात आचल मोबाइलवर टाइप करी. मग पत्र जाई अमरावतीच्या पेपरला, वाचकांच्या सदरात. आचल दहावीत होती. अकोल्याच्या वक्तृत्व स्पर्धेतून दुसरा नंबर घेऊन आल्यापासून ती कोणाशीही बोलायला भीत नव्हती, अगदी गणिताच्या सरांशीही.

"आबा, 'चोट्टे' नाही लिहिता येत पेपरात."

"मंग काय लिहू? साहेब?"

"'संबंधित' लिहिते."

"लिही. पन वाचनाऱ्याले चोट्टेच वाटले पाह्यजे."

पण दिवाळीपासून सगळी पत्रं एकाच गोष्टीवर येऊन थांबत होती. चौकातल्या कडुलिंबाखाली दगडी ओटा होता. नगरपंचायतीने तो फोडला आणि तिथे सेल्फी पॉइंट केला. माणसापेक्षा उंच लोखंडी लाल दिल, त्यात रंगीत दिवे, खाली कारंजं. कारंजं उद्घाटनाच्या दिवशी उडालं ते उडालं. बाजूच्या फलकावर खर्चाचा आकडा होता, तो खुशालरावांना तोंडपाठ होता. "एवढ्यात गावभर बाक झाले असते. या दिलावर बसावं का मानसानं?"

हा राग कुठून येतो ते आचलला उशिरा कळलं. कळलं तेव्हा ती चार वेळा भाकरी जाळून आजीच्या शिव्या खाऊन बसली होती, कारण नजर भाकरीवर नव्हतीच, आजीवर होती.

आजी, म्हणजे मैनाबाई, दर गुरुवारी चार वाजता शहाजादीकडे जायची. दोघी तरुणपणी जिनिंगमध्ये शेजारी शेजारी बसून कापूस निवडायच्या. जिनिंग बंद पडलं, मैत्री सुरूच राहिली. शहाजादीचं घर चौकापलीकडे, आणि मैनाबाईचे गुडघे बरोबर चौकापर्यंतच चालायचे. ओट्यावर पाच मिनिटं बसलं की ते पुढे निघायचे. ओटा गेला आणि मैनाबाईचं जाणंही गेलं. शहाजादीला नीट दिसत नसे, त्यामुळे तिला कोणी एकटीला रस्ता ओलांडू देत नव्हतं.

"आजी, ऑटोनं जा ना."

"पाहुनी हाय का मी? मैत्रिनीकडे आटोत बसून जातात का?"

"मग फोन कर."

"फोनवर बोलनं होते माय," मैनाबाई म्हणाली, "बसनं नाही होत."

चार महिने झाले होते. गुरुवारी चार वाजले की मैनाबाई केस विंचरायची, लुगडं नीट करायची आणि ओसरीवरच बसून राहायची. खुशालराव तिच्याकडे पाहायचे आणि आत येऊन म्हणायचे, "आचल, घे मोबाइल."

एका सोमवारी आचल शाळेतून घरी न येता थेट नगरपंचायतीत गेली. दोन वेण्या, पाठीवर दप्तर. काउंटरवर कारकून चंदनबाबू चहा पीत होते.

"चौकात बाक पाहिजे."

"कोनाले?"

"माझ्या आजीला. आणि जिचे गुडघे दुखतात त्या सगळ्यांना."

चंदनबाबू हसले. "खुशालरावची नात ना तू? दिसूनच राहिलं. पाह्य बेटा, बाकाले निधी नाही. पन कोनी स्वतःच्या खर्चानं दिला त जागा आमी देतो. बनवनारा मानूस ठरलेला हाय. हा फॉर्म. एक फोटोही लाव."

खुशालरावांनी फॉर्म पाहिला आणि घर डोक्यावर घेतलं. "घरपट्टी मी भरू, पानीपट्टी मी भरू, अन् बाकही मीच देऊ? मंग थे तिकडे काय करतात? दिलात उभं राहून फोटो काढतात?"

"आबा," आचल म्हणाली, "तुमचं बरोबर आहे. शंभर टक्के बरोबर आहे. पण तुमचं बरोबर असण्यात आजीचा चौथा महिना गेला."

  खुशालरावांनी चष्मा लावला, 'कोणाच्या नावे' या रकान्यात स्वतःच्या हाताने मैनाबाईचं नाव लिहिलं आणि कपाटातून तिचा एक जुना फोटो काढून फॉर्मला टाचला. "तिले सांगजो नको," ते म्हणाले. कान लाल झाले होते.

बाक पुढच्या गुरुवारी सकाळी बसला. चारला आचल आजीचा हात धरून निघाली. "चौकापर्यंतच चाल, पुढचं पाहू," एवढंच तिने सांगितलं होतं. खुशालराव पान आणायच्या निमित्ताने आधीच पुढे गेले होते.

चौकात पोचल्यावर आचलला दिसलं की आबा बाकाच्या मधोमध पाठ टेकून ताठ बसलेत आणि चेहरा चुन्यासारखा पांढरा पडलाय.

"सरका ना थोडे," मैनाबाई धापा टाकत म्हणाली.

"नाही. मी इथंच बरा."

"अव, मी कुठं बसू?"

खुशालराव हलेनात. मैनाबाईने सरळ खांद्याला धरून त्यांना बाजूला सारलं. ती चौथी शिकलेली होती. बाकाच्या पाठीवर रंगवलेलं तिने एकेक अक्षर लावत वाचलं. स्वर्गीय मैनाबाई खुशालराव काळमेघ यांच्या स्मरणार्थ. वर तिचाच फोटो, आणि फोटोला रंगाने काढलेला झेंडूचा हार.

बिचाऱ्या बाकवाल्याचं तरी काय चुकलं! उभ्या जन्मात त्याने जिवंत माणसाच्या नावाचा बाक केलाच नव्हता. गावात बाक द्यायचे ते माणूस गेल्यावरच. सोबत असताना कोणी कोणासाठी बाक देतं, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

"घरी चाला," मैनाबाई हळूच म्हणाली. "मी नाही बसत यावर." ती वळली. 

खुशालराव उठून उभे राहिले. एवढी मोठी चूक समोर असताना त्यांच्या तोंडून तक्रारीचा एक शब्द निघाला नाही. "मैना," एवढंच ते म्हणाले. हे नाव त्यांनी आचलदेखत कधी घेतलं नव्हतं.

तेवढ्यात एक ऑटो कच्चकन थांबला. चालवणारा परवेज, शहाजादीचा मोठा मुलगा, एरवी दिवसभर भाड्यांत अडकलेला. सकाळी बाजाराची भाडी मारताना त्याने बाक वाचला होता, आणि दुपारी घरी जेवायला गेल्यावर आईला सांगितलं होतं. मागच्या सीटवरून शहाजादी रडतच उतरली, चाचपडत बाकाशी आली, आणि रंगवलेल्या हारावरून हात फिरवू लागली.

"चार महिने झाले, आली नाहीस. मले वाटलं रुसली. अशी कशी गेली वं मैना, न सांगता?"

मैनाबाई दोन हात अंतरावर उभी होती. तिने पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "शहाजादी."

शहाजादीचा हात थांबला. "या अल्ला. कोन?"

"मीच हावो."

"तू त मेली ना!"

"अजून नाही. मेल्यावर गुडघे दुखत असतीन का?"

शहाजादीने पुढे येऊन तिचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला. नाक, कपाळावरची टिकली, गालावरचा मस. आणि मग पाठीत असा धपाटा घातला की कडुलिंबावरचे कावळे उडाले. "बेशरम! फोन त करायचा!"

"अन् तू काहून नाही केला?"

"मेलेल्या मानसाले फोन करतात का?"

आधी मैनाबाई हसली की शहाजादी रडली, हे आचलला सांगता आलं नसतं. दोघी एकमेकींना धरून मागे सरकल्या, आणि धरून धरूनच बाकावर टेकल्या. कोणी कोणाला बसवलं तेही कळलं नाही. मैनाबाईची पाठ बरोबर 'स्मरणार्थ'वर आली.

"आजी, उद्याच पुसून घेते मी हे," आचल म्हणाली. "चंदनबाबूंना सोडत नाही."

"पुसजो. पन घाई नको करू," मैनाबाई म्हणाली. "फोटो बरा हाय. शहाजादी, हे लुगडं आठवते का? जिनिंगच्या बोनसमदी घेतलेलं."

"मले काय दिसते! रंग सांग."

"जांभळा."

"मंग थे माह्यं हाय. तू मांगून नेलं होतं, अन् परत नाही केलं."

वाद सुरू झाला. परवेजने घड्याळ पाहिलं आणि हॉर्न वाजवला. कोणी ढुंकून पाहिलं नाही. खुशालराव हळूच ऑटोपाशी गेले, डोळे पुसून घेतले आणि म्हणाले, "जा बाबा, तू आपली भाडी मार. ह्या काही आता लवकर उठत नाहीत."