याडीचं तिसरं रडणं

त्रेसष्ट साली पुण्याच्या फिल्म शाळेत पहिलं वर्ष संपायच्या आत आम्हा प्रत्येकाला पाच मिनिटांचा मूकपट करायचा होता. तो पाहून सर ठरवणार, पुढे कोण कॅमेरा शिकणार आणि कोण ध्वनी. ध्वनीकडे जायला कोणी राजी नसे; कान झाकून कोपऱ्यात बसणाऱ्याला कोण विचारतो? मला कॅमेराच हवा होता. तसं आमच्या साऱ्या बंजारा तांड्यात सांगूनही बसलो होतो.

संक्रांतीच्या सुमारास कॅमेरा घेऊन मी फुलसावंगीजवळच्या आमच्या तांड्यावर आलो. त्याच दिवशी बहीण रामी दिग्रसहून, सासरहून येणार होती. आमच्यात लेक बऱ्याच दिवसांनी आली की आई तिला मिठी मारते आणि दोघी सुरात रडतात. त्या रडण्यातच सगळ्या बातम्या असतात: म्हैस आटली, अमक्याची सोयरीक मोडली, गुडघे दुखतात. बातम्या संपल्या की डोळे पुसायचे आणि चहा ठेवायचा.

पण मी पडलो दिग्दर्शक. याडीला, म्हणजे आईला, सावलीतून उन्हात आणलं, रामीला परत रस्त्यापर्यंत पिटाळलं आणि रडण्याची चक्क दोनदा तालीम घेतली. तिसऱ्यांदा कॅमेरा चालू केला. याडी बिचारी तिन्ही वेळा मनापासून रडली. तिसऱ्यांदा तर रामीलाही खरे हुंदके आले. मी खूश, कारण दोघींच्या चेहऱ्यांवर ऊन फार सुरेख पडलं होतं.

पुण्यात ते वर्गापुढे पडद्यावर आलं. सर म्हणाले, “देवीलाल, मरणाचं दृश्य इतकं संयमानं आजवर कोणी घेतलं नव्हतं. कॅमेरा तुझा.”

गप्प बसलो असतो तर काम फत्ते होतं. पण माझी धडधाकट आई सगळ्यांदेखत सुतकात बसलेली मला बघवेना, म्हणून खरं काय ते सांगून टाकलं. वर्ग पोट धरून हसला. सर हसले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं की, मग तिसऱ्यांदा ती काय सांगत होती?

मी ऐकलंच नव्हतं. सरांनी कॅमेरा की ध्वनी निवडायचा अर्ज हातात दिला आणि सुट्टीत विचार करून भरून आण म्हणाले.

सुट्टीत आधी दिग्रसलाच उतरलो. रामी भाकरी थापत होती. माझा प्रश्न ऐकून ती आधी हसली, मग हात धुऊन माझ्यासमोर बसली.

“दोन खेपेत तिच्या साऱ्या बातम्या सरल्या,” ती म्हणाली. “मंग तुयावरच रडली ते. म्हने, पोरगं इतक्या महिन्यानं घरी आलं, अन् मले एकाच डोयानं पाहून राह्यलं.”

मला फार लाज वाटली. खिशातला अर्ज तिथेच काढला, ध्वनीपुढे खूण केली आणि याडीकडे जायला पुसदची बस धरली.