माणसाचं जेवण कसं तोडावं

रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञांना सगळे ग्रॅमसाहेब म्हणत. तोंडावर नाही, पण त्यांना ऐकू जाईल इतक्या जवळून. एकोणीस वर्षं ते त्याच इमारतीत होते आणि कुठल्याही पदार्थावर नुसती नजर टाकून त्यात किती ग्रॅम प्रथिनं आहेत ते सांगत. मेहुणीच्या लग्नाच्या पंगतीतही त्यांनी ते सांगितलं होतं. तेव्हापासून सासुरवाडची आमंत्रणं कमी झाली. लोकांना शास्त्राची गोडी उरली नाही, असा साहेबांनी त्याचा अर्थ लावला.

त्यांच्याकडे एक वॉर्ड होता, तिथल्या माणसांना नीट गिळता येत नसे. कुणाला पक्षाघाताचा झटका येऊन गेलेला, कुणाच्या घशाचं ऑपरेशन झालेलं. साधा घास श्वासनलिकेत शिरायची भीती, म्हणून सगळं मिक्सरमधून काढून दाट, मऊ करून द्यायचं. साहेबांनी त्याचं गणित चोख बसवलं होतं. चिकन, बटाटा, गाजर, वाटाणे, दुधाची पावडर, वरून पाणी, सगळं एकाच भांड्यात, एकाच फेरीत. कागदावर ते जेवण परिपूर्ण होतं. ताटात ते ओल्या सिमेंटसारखं दिसे.

आणि ताटं जशीच्या तशी परत येत.

खिडकीजवळच्या खाटेवर एक घड्याळजी होते. चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून लोकांची घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. झटक्यानं त्यांचा उजवा हात लुळा पडला होता आणि बोलणं अडखळू लागलं होतं. तीन आठवड्यांत ते चार किलोंनी उतरले. साहेबांनी त्यांच्या मुलीला बाजूला घेऊन समजावलं, "ताई, यात शरीराला लागणारं सगळं आहे."

मुलगी संकोचून म्हणाली, "हो साहेब. पण बाबा विचारतात, हे आधी कुणी खाल्लंय का?"

साहेबांना ते फार लागलं. मग एकदम त्यांच्या अंगात संशोधक संचारला. त्यांनी साचे मागवले. गाजराचा लगदा गाजराच्या साच्यात, चिकनचा तंगडीच्या साच्यात. दिसायला खऱ्यासारखं दिसलं की माणूस खाईल, साधा हिशोब! कॅन्टीनच्या टेबलावर त्यांनी या कल्पनेबद्दल इतक्यांदा सांगितलं की ते ताट घेऊन बसले की आजूबाजूचे आपली ताटं उचलू लागले.

साचे उघडले तेव्हा स्वयंपाकघराचे प्रमुख, ज्यांना सगळे वस्ताद म्हणत, शेजारी उभे होते. गाजर बाहेर आलं ते अंगठ्यासारखं. तंगडी थोडा वेळ उभी राहिली आणि मग दमल्यासारखी आडवी झाली.

"साहेब," वस्ताद हळूच म्हणाले, "हे पेशंटला दाखवायचं, की पोलिसांना?"

साहेबांनी तरीही ते ताट घड्याळजींपुढे ठेवलं. घड्याळजींनी त्या अंगठ्याकडे बराच वेळ पाहिलं, मग डाव्या हातानं नॅपकिन उचलून त्याला पांघरवला.

रविवारी दुपारी बायको कपड्यांच्या घड्या घालत होती आणि साहेब समोर बसून उसासे टाकत होते. चौथ्या उसाशाला तिनं हातातला टॉवेल खाली ठेवला.

"अहो, तुम्ही दरवर्षी कॉलेजच्या पोरांपुढे भाषण देता ना, कल्पक विचार कसा करावा म्हणून? आठवडाभर आरशासमोर घोकता. अडलात तर प्रश्न उलटा करा, म्हणता."

"म्हणतो. मग?"

"मग एकदा करून बघा की. पोरांनीच काय घोडं मारलंय?"

साहेबांच्या लक्षात आलं, की गेली आठ वर्षं ते भाषण देत होते आणि एकदाही कुठला प्रश्न त्यांनी उलटा केला नव्हता. त्यांनी कागद घेतला आणि वर लिहिलं: माणसाचं जेवण तोडायचं असेल तर काय करावं?

बायकोला विचारच करावा लागला नाही. "सगळं एकत्र कालवा. म्हणजे काय खातोय ते कळायला नको," ती पायमोजे जुळवत म्हणाली. "चव पाण्यात घालवा. ताटात काय आहे ते सांगू नका. भूक लागायच्या आत वाढा. भरवणारी व्यक्ती उभी ठेवा, घाईत. आणि हो, समोर एक माणूस फाईल घेऊन उभा करा, किती खाल्लं ते लिहायला."

साहेबांनी सगळं उतरवून घेतलं आणि मग त्यांची पेन्सिल थांबली. यातली प्रत्येक गोष्ट त्यांच्या वॉर्डात होत होती. प्रत्येक सूचनेखाली त्यांचीच सही होती. फाईलवाला माणूस तर ते स्वतःच होते. एखाद्या शत्रूलाही माणसांची भूक मारायची इतकी शिस्तशीर व्यवस्था जमली नसती.

सोमवारी सकाळी ते वॉर्डातल्या रिकाम्या खाटेवर जाऊन बसले आणि सिस्टरला म्हणाले, "मला भरवा."

"साहेब, बरं वाटत नाहीये का?"

"भरवा हो. इतरांना भरवता तसं."

तिनं उभ्या उभ्या भरवायला सुरुवात केली. तिसरा चमचा तोंडात असताना त्यांना कळलं की आपण काय खातोय ते आपल्याला ओळखता येत नाहीये. मेनू त्यांनीच लिहिला होता.

"वाटाणे आहेत ना हे?" त्यांनी विचारलं.

"आज वाटाणे नाहीत, साहेब."

पाचव्या चमच्याला त्यांनी तोंड फिरवलं. शेजारच्या खाटेवरून घड्याळजी हे सगळं पाहत होते. त्यांच्या चेहऱ्याची डावी बाजू हसली.

दुपारी साहेब वस्तादांकडे गेले आणि पहिल्यांदाच काही सांगायच्या ऐवजी त्यांनी विचारलं. वस्तादांनी आधी हात पुसले, मग साहेबांकडे नीट निरखून पाहिलं, चेष्टा तर नाही ना म्हणून.

"पाणी कशाला घालता?" ते म्हणाले. "गाजर ज्या पाण्यात शिजलं तेच घाला. चिकनला त्याचाच रस्सा. आणि वेगवेगळं वाटा. मी हे बारा वर्षांपूर्वी बोललो होतो. तुम्ही म्हणालात, पोटात जाऊन एकच होतं."

साहेबांना ते वाक्य आठवलं. त्यांना ते तेव्हा फार चमकदार वाटलं होतं.

मग एक कल्पना मात्र खरंच साहेबांची निघाली. वाटायच्या आधीचं अख्खं जेवण पेशंटला दाखवायचं. वाटलेला घास तयार ठेवायचा, पण आधी झाकणाचं पातेलं खाटेपाशी न्यायचं, झाकण उघडायचं, वास येऊ द्यायचा, आज काय आहे ते सांगायचं आणि मग वाढायचं. "त्यांना खाता येत नाही ते दाखवून छळायचं का?" सिस्टरनं विचारलं. एकदा बघू, एवढंच साहेब म्हणाले. गिळण्याची तपासणी करणाऱ्या बाईंनी प्रत्येक वाटण चमच्यावरून घसरवून पाहिलं, दाटपणा बरोबर असल्याचं सांगितलं, आणि पातेलं निघालं.

घड्याळजींपुढे वस्तादांनी स्वतः झाकण उचललं. लोण्यात परतलेल्या कांद्याची वाफ वर आली. आत भाजलेलं चिकन, तांबूस बटाटे, गाजराच्या चकत्या. घड्याळजी पातेल्यावर वाकले आणि एकेक गोष्ट तपासत राहिले. मग ताट आलं. तीन वेगळे ढीग, तीन रंगांचे. या वेळी सिस्टर खुर्ची ओढून बसली. फाईल साहेबांनी बाहेरच ठेवली होती. हातांचं काय करावं ते न कळून ते खिडकीचा पडदा सारखा करत उभे राहिले.

घड्याळजींनी अर्धं ताट संपवलं. मग जीभ महत्प्रयासानं वळवत ते म्हणाले, "मीठ... कमी."

इतक्या आठवड्यांतली त्यांची ती जेवणाबद्दलची पहिली तक्रार होती. आत्तापर्यंत त्यांनी त्याला जेवण मानलंच नव्हतं. साहेबांनी सवयीनं तोंड उघडलं, रक्तदाब, मिठाची मर्यादा वगैरे सांगायला. वस्तादांनी तेवढ्यात खिशातून लिंबू काढलं.

सगळीकडे जादू झाली असं नाही. अकरा जणांपैकी सात जण जास्त खाऊ लागले. एका आजींनी पातेल्यातली तंगडीच मागितली आणि मिळत नाही म्हणून दिवसभर अबोला धरला. एक गृहस्थ म्हणाले, जुनंच बरं होतं, निदान लवकर संपायचं. घड्याळजींचं वजन आधी स्थिरावलं, मग महिन्याभरात दीड किलोनं वाढलं.

वरिष्ठांनी या पद्धतीला काहीतरी नाव द्या म्हणून सांगितलं. साहेबांनी तीन भारदस्त नावं काढली. स्वयंपाकघरात तिला 'झाकण' म्हणत, आणि तेच राहिलं.

घड्याळजी घरी जायच्या आदल्या दिवशी त्यांची मुलगी वही घेऊन स्वयंपाकघरात आली. घरी हे कसं करायचं ते तिला शिकायचं होतं. साहेबांनी घसा साफ केला. पंधरा मिनिटांत तिचं एक पान भरलं आणि चेहरा उतरला.

वस्तादांनी वही मिटून बाजूला ठेवली आणि तिच्या हातात चमचा दिला. "आधी चाखा. मग बघू."

ती शेगडीपाशी गेली. साहेब टेबलाजवळ एकटेच उभे राहिले.

"मी काय करू?" त्यांनी विचारलं.

"गाजरं सोला," वस्ताद मागे न वळता म्हणाले.

साहेबांनी बाह्या वर सारल्या आणि सोलायला बसले. दुसऱ्याच गाजराला त्यांचं बोट कापलं. मुलीनं धावत जाऊन पट्टी आणली.