काळजाचं पाणी

बुटांच्या दुकानावरच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, आणि जो तो पाय बुडवायलाच आला होता. समोर प्लास्टिकचा टब, त्यात कोमट पाणी, मूठभर मीठ आणि वायर जोडलेली एक डबी. पेशंटने पाय बुडवायचे, स्वतःला जलगुरू म्हणवणाऱ्या बाबांनी डोळे मिटून बटण दाबायचं. बघता बघता पाणी पिवळं, मग तांबडं, मग गटारासारखं. लोक हात जोडत. गुरू माईकवरून रंग वाचत. पिवळं यकृताचं, तांबडं काळजाचं, काळं सासूच्या बोलण्याचं. हशा पिकला की पुढचा पेशंट.

त्या दिवशी टबात माझ्या वहिनीचे पाय होते. वहिनी पोहायला शिकवते. कॅन्सरचे उपचार चालू असताना तिला धाप लागायला लागली, तपासणीत हृदयाभोवती पाणी साठलेलं दिसलं. दमवणारा व्यायाम बंद ठेवा, पाणी वाढलं तर सुईने काढू, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सुईचं नाव निघताच तिच्याआधी दादा पांढरा पडला आणि तिला इथे घेऊन आला. कुठेतरी पाणी मुरतंय हे मला दिसत होतं, पण दादाच्या चेहऱ्याकडे बघून मी वहिनीच्या चपला सांभाळत उभी राहिले.

काळजाचं पाणी तळपायातून उतरलं, असं गुरूंनी जाहीर केलं. उरलेलं घामावाटे जाईल. रोज जिने चढायचे, धाप लागली की समजायचं, पाणी निघतंय.

वहिनी बिचारी चढत राहिली. एका सकाळी जिन्यातच तिला अंधारी आली, ओठ निळे पडले. हॉस्पिटलात नेल्या नेल्या सुई घालून पाणी काढावं लागलं. डॉक्टर दादाला म्हणाले, "हे पाणी हृदयाभोवतीच्या पिशवीत असतं. तिथून तळपायापर्यंत नळ टाकलेला नाही." दादा बाकावर बसून रडला.

पुढे डॉक्टरांच्या परवानगीने चालणं सुरू झालं. चालताना बोलता आलं पाहिजे, बोलणं तुटलं की थांबायचं. तलावात मुलांना दामटणारी वहिनी माझा हात धरून दारापर्यंत जायची आणि स्वतःवरच चिडायची. मग गल्लीच्या टोकापर्यंत. मग एक दिवस, मध्ये टेकत टेकत, त्या हॉलपर्यंत.

गुरूंनी तिला ओळखलं आणि आपला चमत्कार म्हणून पुढे बोलावलं. वहिनीने पायातल्या रबरी चपला काढून टबात टाकल्या आणि बटण दाबलं. पाणी पिवळं झालं, मग तांबडं.

"गुरुजी, चपलेच्या काळजातही पाणी झालं होतं का?"

तुमच्या पायांचे दोष चपलेत उतरलेत, असं गुरू म्हणाले. मागच्या रांगेत एकाने चपलांनाही हात जोडले. वहिनीने चपला काढून घेतल्या, टबात नवं पाणी आणि मीठ टाकायला लावलं. पुन्हा बटण दाबलं. टबात पाय नाहीत, चपला नाहीत, नुसती डबी, तरी पाणी तांबडं झालं. मग तिने डबी उघडून दाखवली. आत लोखंडाच्या पट्ट्या होत्या, गंजून झिजलेल्या. मिठाच्या पाण्यात लोखंडातून वीज सोडली की ते झपाट्याने गंजतं, आणि रंग त्या गंजाचा.

हॉल हळूहळू रिकामा होऊ लागला. गुरू माईक तपासत राहिले.

"धाप लागली तर थांबा आणि डॉक्टरांकडे जा," वहिनी जाणाऱ्यांना सांगत होती. "आणि पाय बुडवायच्या आधी टब नुसताच चालवून बघा. एवढं तरी तपासायला शिका."