दोन पिशव्या माती

सगळे त्याला टापटीप म्हणत आणि तो ते कौतुकच समजे. त्याच्या केळीच्या बागेत वाळकं पान पडून राहील, काय बिशाद! घड उतरला की खोड तोडायचं, पाला गोळा करायचा आणि सगळं टोपल्यांनी बांधापलीकडे धाकट्या बहिणीच्या पट्ट्यात नेऊन ओतायचं. सहा वर्षं हा उद्योग चालला होता. बहीण भांडत बसली नाही. कोयत्याने खोडांचे तुकडे करून ती आपल्या केळींच्या बुडाशी पसरत असे. तो पट्टा वडिलांनी तिला नुसता तोंडी दिला होता, म्हणून टापटीपचा त्यावर डोळा होता.

"तिने उकिरडा करून ठेवलाय," तो वडिलांना म्हणाला. "माझ्याकडे द्या, लख्ख करतो."

"उकिरडा टाकतोस तूच ना?"

"टाकतो मी, पण ठेवून कोण घेतं?"

वडिलांना न्यायनिवाड्याची भारी हौस. "दोघांची माती तपासून घेऊ," ते म्हणाले. "तिने जमीन खराब केली असेल, तर हे पीक निघालं की पट्टा तुझा. नसेल, तर पुन्हा हा विषय काढायचा नाही."

नमुने काढायचं काम टापटीपने आपण होऊन अंगावर घेतलं. आपल्या बागेत कुदळ मारली, तर ती दगडावर बसावी तशी वाजली. निघाली ती फिकट, ढेकळांची माती, औषधालाही गांडूळ नाही. असली माती परक्यांपुढे पाठवायची म्हणजे फाटका सदरा घालून फोटो काढून घेण्यासारखं. मग तो बांध ओलांडून गेला. तिथे हात मनगटापर्यंत सहज आत शिरला. माती काळी, भुसभुशीत, हवीहवीशी. त्याने एवढंच केलं, की तिची माती स्वतःच्या नावाच्या पिशवीत भरली आणि स्वतःची तिच्या. वर वळणदार अक्षरात चिठ्ठ्या लावल्या.

अहवाल आले. टापटीपच्या मातीत पोटॅश मुबलक, यंदा देऊ नये. बहिणीच्या मातीत जवळपास संपलेलं, भरपूर द्यावं. टापटीपने आपला कागद चौकटीत बसवून बाहेरच्या खोलीत टांगला आणि आल्यागेल्याला वाचून दाखवू लागला. बहिणीने आपला कागद दोनदा वाचला. त्या संध्याकाळी ती जेवली नाही. पट्टा जाणार हे तिला कळलं होतं.

पण वडिलांनी कागद फारच मनावर घेतला. घरातली पोटॅशची सगळी पोती त्यांनी तिच्या पट्ट्यात उतरवली. टापटीपला चोरून चार मुठी टाकायचीही सोय उरली नाही, कारण वडील रोज सकाळी खुर्ची टाकून त्याच्याच बागेत बसत. इकडे केळी तर पोटॅशची खादाड! चार-सहा महिन्यांत त्याच्या बागेतली खालची पानं कडेने पिवळी पडून करपली. घड आले ते बोटभर केळ्यांचे. पलीकडे बहिणीच्या झाडांना बांबूंचे टेकू द्यावे लागले.

वडिलांनी माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेतल्या बाईंना बोलावून घेतलं. बहीणही बांधावर येऊन उभी राहिली. बाईंनी दोन्ही बागा पाहिल्या, चौकटीतला कागद पाहिला.

"हवामानामुळे असेल," टापटीप म्हणाला. "पुढच्या लागवडीला काय देऊ तेवढं सांगा."

"हा अहवाल खरा असेल तर काहीच देऊ नका," बाई म्हणाल्या. "खोटा असेल तर तसं सांगा, मी दुसरा लिहून देते."

टापटीपने वडिलांकडे पाहिलं, मग आपल्या घडांकडे. पट्टा हवा तर बाग मरणार, बाग हवी तर पट्टा गेला. त्याला स्वतःचाच भयंकर राग आला.

"पिशव्या बदलल्या," तो म्हणाला. "मीच बदलल्या."

वडील खुर्चीतून उठले आणि घरात गेले. बाईंनी नवा कागद लिहायला घेतला. "आधी खोडं आणि पाला बागेतच कापून पसरा. केळीने खाल्लेलं पोटॅश त्यातच असतं. टाकता कुठे तुम्ही ते?"

बहीणच म्हणाली, "माझ्याकडे टाकतो. दादा, टोपली आण. तुझं जेवढं आहे तेवढं घेऊन जा."

तो खरंच टोपली घेऊन आत शिरला. वाकून वाकून सगळा पट्टा धुंडाळला. सहा वर्षांत त्याने वाहून आणलेल्या खोडांतलं एकही तिथे उरलं नव्हतं. होती ती नुसती काळी माती, आणि बांधावर उभी राहून बहीण त्याची टोपली भरायची वाट पाहत होती.