पोहायला शिकवणारी

“मग? डॉक्टर शुद्धीवर आला का नाही?” इस्त्रीवालीने विचारलं. तिच्या हातातली इस्त्री वाफ सोडत होती आणि कॉलर तशीच पडून होती. “लवकर सांग बाई, जीव टांगणीला लागलाय.”

“सांगते, सांगते,” मी म्हणाले आणि उगाचच दाताने दोरा तोडला.

आम्ही शाळेचे गणवेश शिवतो. कारखाना म्हणायचं आपलं. एक लांब खोली, त्यात मशिनी, टोकाला कटिंगचं टेबल आणि टेबलामागे बाई. मालकीणही त्याच आणि कापड कापणाऱ्याही त्याच. मी काज-बटण करते. हात चालतो, तोंड रिकामं राहतं, म्हणून रोज सिरियलची गोष्ट सांगायचं काम आपसूक माझ्याकडे आलं.

सिरियल मी सकाळी बघते, मुलगा आणि सून कामाला गेल्यावर. आवाज बारीक, रिमोट हातात. जिन्यात पाऊल वाजलं की झटकन स्वयंपाकाचा कार्यक्रम लावायचा. या वयात असं चोरून काही करीन असं वाटलं नव्हतं, पण चटक लागली ती लागलीच. एक डॉक्टर आहे, एक पोहायला शिकवणारा आहे, आणि त्या दोघांचं प्रेम आहे. एकमेकांवर. पहिल्यांदा बघितलं तेव्हा ‘अगं बाई!’ म्हणून मी टीव्ही बंद केला होता, आणि चहाला उकळी यायच्या आत परत लावला होता.

हे कारखान्यात कसं सांगणार? म्हणून पोहायला शिकवणाऱ्याची मी मुलगी करून टाकली. मिशीसकट. इस्त्रीवालीने केसांची चौकशी केली तेव्हा ते कमरेपर्यंत लांब केले. “मग पोहायच्या टोपीत मावतात कसे गं?” असं तिने विचारलं आणि माझी चांगलीच तारांबळ उडाली.

बायका हसल्या असत्या तर हसू देत. मला धास्ती होती ती बाईंची. बाईंचा मुलगा दुसऱ्या गावी राहतो, एका मित्राबरोबर. कसला मित्र ते कळलं त्या दिवशी बाईंनी त्याला सांगितलं, ‘या दारात परत पाऊल ठेवू नकोस.’ तेव्हापासून त्याचं नाव इथे कुणी काढत नाही. त्याच्या शर्टाचा कागदी साचा तेवढा भिंतीवरच्या खिळ्याला आहे, बाकी साच्यांच्या मागे. माझा नवरा गेला तेव्हा मला कुणी दारात उभं करत नव्हतं. बाईंनी हाताला धरून आत आणलं. आणि मीच रोज त्यांच्या जखमेवर मीठ चोळतेय असं त्यांना वाटलं, तर काम तर जाईलच, पण त्यांच्यासमोर कुठल्या तोंडाने उभं राहायचं?

एवढं सगळं माहीत असून त्या दिवशी जीभ घसरली. भागच तसा होता.

“डॉक्टर डोळे उघडेना,” मी म्हणाले. “नळ्या काय, यंत्रं काय. त्याची आई दारातच उभी, कुणाला आत सोडेना. तेवढ्यात धावत आला, कपडे ओलेचिंब, आईला बाजूला सारून आत घुसला. त्याचा हात हातात घेतला आणि म्हणाला, ‘मी आलोय. आता मी कुठे जात नाही.’”

मी गोष्टीत इतकी बुडाले होते की काय बोलून बसले ते मला कळलंच नाही.

“कोण आला?” इस्त्रीवाली म्हणाली. “तिचा भाऊ का?”

‘हो’ म्हणाले असते तर निभावलं असतं. पण ओव्हरलॉकच्या मशीनवरची चष्मेवाली आमच्यात हुशार.

“भाऊ कशाला डॉक्टरचा हात धरून बसेल? अगं, म्हणजे ती... तो आहे? दोघेही...” ती फिसकन हसली. मग आपण कुठे बसलोय ते तिला आठवलं.

एकेक मशीन थांबली. बाईंची कात्रीही थांबली. मी मान वर केली नाही. सुई बोटात शिरली तरी तशीच बसून राहिले.

“काजवाली,” बाई म्हणाल्या, “मागे ये.”

मागे कापडाची खोली आहे. बाईंनी दार लोटून घेतलं.

“कधीपासून चाललंय हे? मला हसायला?”

“नाही हो बाई! देवाशप्पथ नाही.”

“मग त्याची मुलगी कशाला केलीस?”

“तुम्हाला लागू नये म्हणून.”

“आणि असलं बघतेस कशाला?”

काहीतरी थाप मारावी असं मनात आलं, पण सुचेना. “आवडतं म्हणून,” मी म्हणाले. “डॉक्टरला घरी यायला उशीर होतो आणि तो दुसरा जेवायचा थांबलेला असतो. माझ्यासाठी कधी कुणी थांबलं नाही, बाई. लाज वाटते बघायला, पण बघितलं की दिवसभर बरं वाटतं.”

बाई एका ताग्याची कड बोटांनी सरळ करत राहिल्या. संपलं, मी मनात म्हटलं, आता डबा उचलायचा आणि घर गाठायचं.

“ती आई,” त्यांनी एकदम विचारलं. “दारातली. तो आत गेल्यावर तिने काय केलं?”

“माहीत नाही. भाग तिथेच संपला.”

“उद्या बघ,” बाई म्हणाल्या. “आणि जसं आहे तसं सांग. केस-बिस लावू नकोस.”

दुसऱ्या दिवशी मी आले तेव्हा कुणी ‘मग?’ म्हणेना. सगळ्या माना खाली घालून बसलेल्या. मीच सुरुवात केली.

“आई खूप वेळ बाहेर बसून राहिली. मग घरी जाऊन डॉक्टरचा कोरडा शर्ट घेऊन आली. तो पोहायला शिकवणारा अजून ओल्या कपड्यातच होता. त्याच्यापुढे शर्ट धरला.”

कात्री चालू होती. ती थांबेल म्हणून मी वाट बघत होते.

“बसला का त्याला?” बाईंनी विचारलं.

“खांद्यात ताणला हो. पोहणारा माणूस.”

“ताणणारच,” बाई म्हणाल्या.

दुपारी त्या उठल्या, खिळ्यावरचे साचे बाजूला करून सगळ्यात मागचा काढला आणि त्याच्यावरची धूळ फुंकली. आतून आकाशी कापड आणलं. खडूने आखताना त्यांचा हात दोनदा अडला. शर्ट कापून झाल्यावर त्यांनी तो चष्मेवालीकडे दिला.

“माप जुनं आहे. आता अंगाने भरला असेल. शिवणीत कापड जास्त सोड, उसवून वाढवता आलं पाहिजे.”

चष्मेवालीने नुसती मान हलवली. शर्टाएवढं कापड अजून टेबलावर उरलं होतं. इस्त्रीवाली ते आत ठेवायला उठली.

“राहू दे,” बाई म्हणाल्या. “त्या दोघांना एकाच कापडाचे करायचेत.”

त्यांनी कापडाची घडी घातली आणि तिच्यावर खडू ठेवला.

“दुसऱ्याचं माप नाही माझ्याकडे.”