तिसऱ्यांदा विचारायचं असतं

सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या त्यांच्या गल्लीत त्या आठवड्यात दोनच विषय होते. नळाला पाणी का येत नाही, आणि निंबा मास्तर बायको-पोरीला घेऊन विमानानं बेटावर कसा काय चालला!

निंबा मास्तर म्हणजे वर्षाचे पप्पा. साड्यांचं कापड रंगवणाऱ्या मिलमध्ये ते कलर मास्तर. नुसत्या डोळ्यांनी रंग जुळवायचे, आणि पंचवीस वर्षांत त्यांचा एकही शेड व्यापाऱ्याकडून परत आला नव्हता. सुरतेतला सेठ खूश झाला की काय देईल याचा नेम नसतो. कुणाला मिठाईचा डबा, कुणाला चक्क स्कूटर. यांच्या सेठनं सगळ्या खात्यासमोर पाकीट हातात ठेवलं आणि म्हणाला, "निंबाभाई, घरवाळाने लईने फरी आवो!" घरच्यांना घेऊन फिरून या, म्हणे. पाकिटात अंदमानातल्या एका छोट्या बेटावरचं रिसॉर्ट, दोन रात्री, तीन माणसं, जाण्यायेण्याची तिकिटं.

"मी नही येत," मंगलाबाई लगेच म्हणाल्या. मंगलाबाई म्हणजे वर्षाची मम्मी. "घर कोन दखी?"

पप्पांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. "ऱ्हाऊ द्या. तुम्ही बापलेक जाई या."

तिसऱ्या दिवशी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आते तुम्ही इतलं म्हनी राह्यनात तं..." आणि वर्षानं बॅग उघडली तर आत मम्मीच्या तीन साड्या आधीच घडी घालून ठेवलेल्या!

तर मम्मीचं हे असं होतं. खरं तर मम्मीचंच नाही, धुळ्याकडून सुरतेला आलेल्या त्यांच्या सगळ्या गोतावळ्याचं. कुणाकडे गेलं आणि चहा विचारला की पहिल्यांदा ‘नको’ म्हणायचं. दुसऱ्यांदा ‘राहू द्या’. तिसऱ्यांदा घरच्या बाईनं कप हातात कोंबला की मग घ्यायचा. पहिल्याच खेपेला ‘हो’ म्हणणारा माणूस हावरा. आणि तीनदा न विचारणारं घर? त्या घराचं तर नावच काढू नका.

वर्षाला हे सगळं पाठ होतं, पण तिनं ते सोडून दिलं होतं. ती आता अकरावीत होती. सव्वीस जानेवारीला अख्ख्या शाळेपुढं न अडखळता भाषण करून आल्यापासून तिच्यातली जुनी मुखदुर्बळ पोर कुठं पळाली कुणास ठाऊक. आता ती रिक्षावाल्याशी गुजरातीत हुज्जत घालायची, बँकेत हिंदीत भांडायची आणि कुणी काही विचारलं की पहिल्याच फटक्यात ‘हो’ म्हणून मोकळी व्हायची.

विमानातून बोट, बोटीतून लाकडी धक्का. आणि धक्क्यावर पाय ठेवला मात्र, तिघंही जागीच थबकली.

समुद्र म्हणजे वर्षाच्या लेखी सुरतेजवळच्या डुमसचा. काळी वाळू, मातकट पाणी, टमाट्याची भजी आणि उंटावरची पोरं. हजीऱ्याकडे गेलं तर पाण्यापलीकडे कारखान्यांच्या चिमण्या. इथं पाणी होतं की काच? धक्क्याखाली मासे दिसत होते, पिवळे, पट्ट्यापट्ट्यांचे, आणि त्यांच्या सावल्याही दिसत होत्या! पुढं पांढरीफेक वाळू, वाळूवर झुकलेले माड, माडांमागं गवती छपरांच्या झोपड्या. झोपड्या म्हणायचं आपलं, एकेक झोपडी त्यांच्या दोन खोल्यांच्या तिप्पट.

पप्पा कठड्याला धरून उभेच राहिले.

"वर्षा, कडेला पिस्ता दखी राह्यनी का? मग फिरोजी. आनि तो लांबना पट्टा, रामा." मिलमध्ये त्या मोरपंखी हिरव्याला रामा म्हणतात. "एकमा एक कसा मिसळी जास, दख. कुठे डाग नही, धब्बा नही. मी पंचवीस वर्षं घालाडी तरी माले असं जमाव नही."

पप्पांनी आजवर कुणाच्याच रंगाला बरं म्हटलेलं वर्षानं ऐकलं नव्हतं. तिला एकदम समुद्राचं कौतुक वाटलं आणि पप्पांचं त्याहून जास्त.

मम्मी मात्र रंगाकडे पाहत नव्हती. ती डावीकडे पाहत होती. तिथं कमरेइतक्या पाण्यात दोन खांब रोवलेले होते, वर आडवं लाकूड, आणि त्याला जाड दोरांचा पांढरा झोका. समुद्रात झोका!

वर्षानं तो लगेच ओळखला. मम्मी कडोदऱ्याच्या रस्त्यावरच्या एका कारखान्यात साड्यांच्या घड्या घालून डब्यात भरायची. प्रत्येक डब्यात ती साडी नेसलेल्या बाईचा फोटो टाकायचा असतो. तीन वर्षांपूर्वीच्या एका मालात हाच फोटो होता. निळं पाणी, झोका, झोक्यावर गाजरी साडीतली बाई. त्यातला एक फोटो मम्मीनं घरी आणून आरशाच्या मागं खोचला होता. कशाला, ते ती कधी बोलली नाही. पण लग्नाआधी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावातल्या कडुनिंबाला बांधलेल्या झोक्यावर ती सगळ्यांत उंच जायची, हे मावशीनं वर्षाला सांगितलं होतं. आणि सुरतेला आल्यापासून आखाजीला माहेरी जायला कारखान्यातून सुट्टी एकदाही मिळाली नव्हती, हे सांगायला मावशी लागत नव्हती.

धक्क्याच्या टोकाला एक बाई हात जोडून उभी होती. चाळिशीची, सावळी, केसांत पांढरं फूल, छातीवर नावाची पट्टी, फुलमनी. मागं ट्रेमध्ये शहाळी.

"नारियल पानी, मैडम?"

"नको नको," मम्मी म्हणाली.

फुलमनी गोड हसली आणि शहाळं घेऊन पुढं गेली. मम्मीचा हात अर्धवट उचललेला तसाच राहिला.

पप्पा शहाळं पीत होते. वर्षा तर कधीच पिऊन मोकळी झाली होती.

"गयी का ती?" मम्मी हळूच म्हणाली.

"गेली. तू नको म्हणालीस ना!"

"मंग? पुन्हा इचारतस ना मानसं!"

जेवताना तेच. "थोड़ी मछली और?" "नको." गेला वाढणारा. "चावल?" "नको." गेला. "आइसक्रीम?" यावेळी ‘नको’ म्हणताना मम्मीचा आवाज अगदी बारीक झाला होता, पण ऐकणाऱ्यानं ऐकला आणि गेला. पंचतारांकित जेवणातून मंगलाबाई अर्ध्यापोटी उठल्या.

"कसं घर शे हाई? इतला मोठा महाल आनि एकदाच इचारतस!"

"मम्मी, हे घर नाही, हॉटेल आहे. हो म्हण ना सरळ!"

"पहिल्याच सपाट्यात? लोक काय म्हनतीन, सुरतथीन भुक्कड उनात!"

पप्पा मान खाली घालून हसू दाबत होते.

इथवर सगळी गंमतच होती. पण खोलीच्या किल्ल्या देताना फुलमनी वही उघडून म्हणाली, "मैडम, समुंदर वाला झूला। पानी उतरता है तब शाम को एक ही परिवार को मिलता है, फूल लगाकर। कल का बुक है। आज का आपके लिए लिख दूँ?"

मम्मीच्या चेहऱ्यावर जे काही उजळलं ते वर्षानं पाहिलं. नुसतं पाहिलं नाही, मनातल्या मनात ओरडलीसुद्धा, बोल, बोल, हो बोल!

"नको नको," मम्मी म्हणाली. "आम्हले काय म्हातारासले झुला!"

वर्षा तोंड उघडेपर्यंत फुलमनीनं मान डोलावली, पान उलटलं आणि मागं उभ्या असलेल्या कोलकात्याच्या नवराबायकोकडे वळली. ते दोघं ‘हाँ हाँ, ज़रूर!’ म्हणाले. पहिल्याच सपाट्यात.

परवा सकाळच्या बोटीनं परत जायचं होतं. आजचा गेला, उद्याचा आधीच गेलेला. संपलं.

खोलीत गादी ढगासारखी होती, न्हाणीघराला छतच नव्हतं, वर सरळ आभाळ! एरवी वर्षा नाचली असती. पण मम्मी खिडकीशी बसून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"तुला बसायचं होतं ना?"

"नव्हतं माले बठनं."

"खोटं!"

"वर्षानी माय," पप्पा म्हणाले, "मी जाई इचारू का?"

"काही गरज नही. मांगीसन घेतलेलं काय गोड लागस!"

तेच तर. मागून मिळालेलं मम्मीला चालणार नव्हतं. कुणीतरी आग्रहानं द्यायला हवं होतं. वर्षा उठली, चपला घातल्या आणि वाळूतून जवळजवळ पळतच फुलमनीकडे गेली.

"दीदी, मेरी मम्मी ने झूले को ना बोला, वो ना नहीं था।"

"ना नहीं था?"

"पहला ना था। हमारे में तीन बार पूछना पड़ता है।"

फुलमनीला वाटलं पोरगी चेष्टा करतेय. मग वर्षानं तिला शहाळ्यापासून आइसक्रीमपर्यंत सगळं सांगितलं, तीन साड्यांच्या बॅगेसकट. फुलमनीनं कपाळाला हात लावला.

"हाय राम! मतलब मैडम भूखी हैं?"

"आधी भूखी!"

"हमको तो सिखाया है, मेहमान ने ना बोला तो दुबारा नहीं पूछना। तंग करना मना है।" मग ती आवाज खाली आणून म्हणाली, "मेरे घर में भी कोई आए तो बिना खिलाए नहीं छोड़ते। पर यहाँ वर्दी है।"

झोका मात्र देऊन झाला होता. पण ते लोक पाचला येणार होते. पाणी चारलाच उतरतं, फुलं बांधायला माणूस पावणेपाचला जातो. "बिना फूल का चलेगा?"

"दौड़ेगा!" वर्षा म्हणाली. "पर तीन बार, दीदी. और तीसरी बार हाथ पकड़ना."

चार वाजता फुलमनी त्यांच्या व्हरांड्यापाशी आली. हातात ताटली, ताटलीत केळ्याची गरम भजी. हे वर्षानं सांगितलं नव्हतं.

"मैडम, चलिए। झूला खाली है।"

मम्मीनं चमकून वर पाहिलं. "नको नको."

"चलिए ना, पानी बहुत अच्छा है अभी।"

"ऱ्हाऊ द्या वो ताई. तुम्हले उगाच तरास."

आता तिसरं. आणि नेमका त्याच वेळी समोरच्या वाटेनं मॅनेजर आला, कडक इस्त्रीचा, कानात यंत्र. पाहुण्यांच्या दारात दोनदा नकार घेऊन अजून उभ्या असलेल्या फुलमनीकडे त्यानं पाहिलं आणि तो थांबला. फुलमनीही थांबली. तिचे ओठ अर्धवट उघडे, नजर वर्दीच्या पट्टीवर.

मम्मीचा एक पाय चपलेत गेलेला होता. दुसरा पाय चपलेवर नुसता ठेवलेला.

वर्षाला वाटलं, आपणच ओरडावं. पण तिनं विचारून उपयोग नव्हता ना! दुसऱ्याच्या घरी पाहुणं गेल्यावर आपल्याच माणसाचं विचारणं आग्रहात धरत नाहीत.

फुलमनीनं ताटली कठड्यावर ठेवली, दोन पायऱ्या चढली आणि मॅनेजरच्या देखत मम्मीचं मनगट धरलं.

"मेरी कसम, दीदी। नहीं आईं तो मैं यहीं बैठी रहूँगी।"

मैडमची दीदी झाली होती. मम्मीनं एकदा तिच्या हाताकडे पाहिलं, एकदा पप्पांकडे.

"आते तुम्ही इतलं म्हनी राह्यनात तं..."

मॅनेजर काही बोलणार होता. पण पप्पा एकदम पुढं झाले, त्याचा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला आणि म्हणाले, "बहुत अच्छा घर है साहब आपका. बहुत अच्छा!" बिचारा ‘थँक्यू सर’ म्हणून गेला.

मम्मी पाण्यात उतरली. साडी गुडघ्यापर्यंत खोचली, झोक्यावर बसली, पायानं वाळूला एक रेटा दिला. मग दुसरा. तिसऱ्या रेट्याला ती बसली नव्हतीच, उभी राहिली होती! फळीवर दोन्ही पाय, दोन्ही हातांत दोर, गुडघे वाकवून झोका वर नेणारी. पदर मागं उडत होता. चव्वेचाळीस वर्षांची मम्मी, जी पांडेसऱ्याच्या जिन्यावर दम लागतो म्हणून दोनदा थांबायची! आणि गातही होती, खणखणीत, अहिराणीत. वर्षानं ते गाणं कधी ऐकलं नव्हतं. व्हिडिओ काढायचा म्हणून तिनं मोबाइल वर केला आणि तो तसाच हातात राहिला.

"दख," पप्पा म्हणाले. "मी लगीनना आधी इले अशीच दखेल व्हती. पोरगी दाखाडाना टाइमले नही, त्याना बी आधी. झोकावर."

"म्हणजे तुम्ही चोरून पाहिलं होतं?"

"गप बठ."

पाच वाजले. कोलकात्याचे नवराबायको नटूनथटून आले, मागं फुलांची टोपली घेऊन माणूस आला, आणि पाणी हळूहळू चढायला लागलं.

"दीदी, उतरिए अब," फुलमनीनं किनाऱ्यावरून हाक मारली.

"नको!"

"दीदी, पानी चढ़ रहा है!"

"ऱ्हाऊ द्या!"

फुलमनीनं वर्षाकडे पाहिलं आणि हसत तिसऱ्यांदा दोन्ही हात तोंडाशी नेऊन ओरडली, "मेरी कसम, दीदी!"

"नही म्हंजे नही!" झोका सूर्यावरून गेला आणि परत आला. "नही उतरत मी!"

यावर काय करायचं हे फुलमनीला कुणी शिकवलं नव्हतं. वर्षालाही माहीत नव्हतं, कारण मम्मीचा खरा नकार तिनं जन्मात पहिल्यांदाच ऐकला होता. कोलकात्याच्या बाईनं हातातल्या चपला वाळूवर ठेवल्या आणि खाली फतकल मारून बसली. "बैठने दो, बैठने दो," ती नवऱ्याला म्हणाली, "पहले ये देखने दो!" पप्पांनी पँट दुमडली आणि रंगांत उतरले, पिस्त्यातून फिरोजीकडे, बायकोला मागून एक रेटा द्यायला.